गीव पटेल, ऐकण्यासाठी : प्रकल्प नोंदी

१४ जुलै २०२५

दृष्टिहीन श्रोत्यांसाठी आम्ही जी श्राव्य मालिका करतो, तिचा पुढचा भाग कवी-चित्रकार गीव पटेल यांच्यावर करायचं आज नक्की झालं. वेळ पस्तीस मिनिटं. तारीख ३ नोव्हेंबर. त्या दिवशी त्यांना जाऊन दोन वर्षं होतील.

हा भाग निघाला तो नानांमुळे. मालिकेचा प्रत्येक भाग सगळ्यांत आधी नाना ऐकतात आणि सगळ्यांत जास्त चुकाही तेच काढतात. एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. "अगं, लेखक झाले, गायक झाले, नाटकवाले झाले. चित्रकार नाहीत वाटतं तुमच्या यादीत? का आम्हाला काय करायचंय चित्राशी?" नानांची नजर चाळिशीत गेली. त्याआधी ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मी गप्प बसले, कारण त्यांनी नेमकं दुखणं पकडलं होतं. चित्रकार मी टाळतच आले होते.

इथे लिहून ठेवते म्हणजे नंतर शहाणपणा मिरवता येणार नाही : कवी असलेला चित्रकार मी लबाडीने निवडला. कविता तर ऐकवता येते, चित्रांचं पुढचं पुढे बघू. पहिल्यांदा नाव आलं अरुण कोलटकरांचं, पण त्यांच्यावर एक भाग आधीच झालाय. कवी दिलीप चित्रे स्वतः चित्रं काढायचे, सिनेमाही करायचे. तो पसारा पस्तीस मिनिटांत मावणारा नाही. मग पटेल. गंमत अशी की कोलटकरही जे.जे.चे आणि पटेलही जे.जे.चे. एक जे.जे. कला महाविद्यालयातले, दुसरे जे.जे. रुग्णालयाला जोडलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजातले. दोन्हीकडचे जे.जे. म्हणजे तेच जमशेटजी जीजीभॉय. ज्याने रीतसर चित्रकला शिकली तो जाहिरातीत गेला, आणि ज्याने वैद्यकी शिकली तो स्वतःचा स्वतः चित्रकार झाला.

१७ जुलै

सांगाडा केला. जन्म १८ ऑगस्ट १९४०, मुंबई. पारशी कुटुंब. घराण्याचं गाव नारगोळ, दक्षिण गुजरातेत, उंबरगावजवळ, समुद्रकाठी. आपल्या तलासरी-डहाणूकडून फार लांब नाही. १९६६ हे वर्ष दुहेरी : पहिला कवितासंग्रह त्याच वर्षी (तो इंग्रजी कवी निसीम इझिकेल यांनी काढला) आणि चित्रांचं पहिलं प्रदर्शनही त्याच वर्षी, जहांगीरला. पुढचे संग्रह १९७६ आणि १९९१ साली. अडीच दशकांत तीन, तेही सडपातळ. तीन नाटकं. मुंबई सेंट्रल भागातला दवाखाना २००५ पर्यंत. समग्र कविता २०१७ मध्ये 'पोएट्रीवाला'ने काढल्या, म्हणजे आपल्या हेमंत दिवट्यांनी. मृत्यू ३ नोव्हेंबर २०२३, पुण्यात, वय ८३.

संहितेचे तीन भाग केले : डॉक्टर, कवी, चित्रकार. प्रत्येकी अकरा मिनिटं, उरलेल्या दोन मिनिटांत सुरुवात-शेवट. कागदावर फार देखणं दिसतंय.

१९ जुलै

नावावर अख्खी संध्याकाळ गेली. मराठीत तीन लेखनं सापडली : गिव्ह, गीव्ह, गीव. ऐकण्याच्या कार्यक्रमाला लेखनाशी काय देणंघेणं असं आमच्या रेकॉर्डिंगवाल्या पोराचं म्हणणं. पण सोबतची माहिती लोक स्क्रीन रीडरवर ऐकतात, आणि तो 'गिव्ह' असं काही म्हणतो की वाटावं कुणी पैसे मागतंय.

नानांना विचारलं. ते म्हणाले, "पाटीवर लिहायचं असतं तर मी 'गीव' लिहिलं असतं. 'जीव' लिहितो तसंच, फक्त ज-च्या जागी ग. जोडाक्षर आलं की ब्रश एकदा जास्त उचलावा लागतो." नाव शाहनाम्यातल्या वीराचं आहे, गुदर्झचा मुलगा, बीझनचा बाप. पारशी कानाला ते गीवच. ठरलं, दीर्घ ई आणि साधा व.

२३ जुलै

हक्कांचं प्रकरण. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून कुठलंही साहित्य अपंग व्यक्तींना वापरता येईल अशा रूपात, ना नफा तत्त्वावर आणून देता येतं. अट एवढीच की ते त्यांच्यापुरतंच राहिलं पाहिजे. म्हणजे मूळ इंग्रजी कविता आपल्या नोंदणीकृत श्रोत्यांना वाचून दाखवायला हरकत नाही. मराठी अनुवाद केला तर मात्र तो वेगळा प्रश्न, आणि त्यात मला शिरायचं नाही. तेव्हा कविता मूळ इंग्रजीतून वाचायच्या, आधी मराठीत चार वाक्यांत वाट मोकळी करून द्यायची.

चित्राचं वर्णन करायला कुणाची परवानगी लागत नाही. सोपं असतं तर त्यालाही लागली असती.

२ ऑगस्ट

पहिली चाचणी. श्रोते दोन : नाना आणि ताई. ताई जन्मापासून पाहू शकत नाहीत. एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होत्या, आता निवृत्त. नाना रंग आठवून बोलतात. ताईंना रंग म्हणजे लोकांनी सांगितलेली गोष्ट, आणि 'लोक फार बोलतात त्यावर' हे त्यांचं मत.

सुरुवात झाड मारण्याच्या कवितेने केली. ती १९६६ च्या संग्रहातली, आणि एनसीईआरटीच्या नववीच्या इंग्रजी पुस्तकात अनेक वर्षं असल्यामुळे सगळ्यांत जास्त लोकांना माहीत असलेली. ताईंच्या भाच्याने ती शाळेत केली होती. "त्याचं उत्तर मला पाठ आहे," ताई म्हणाल्या, "कवी झाडे वाचवण्याचा संदेश देतो. तीन गुण."

मग वाचन ऐकवलं. झाड नुसत्या सुरीच्या वाराने मरत नाही, तोडलं तरी बुंध्यापाशी पुन्हा फुटतं, तेव्हा मूळच ओढून काढलं पाहिजे, उन्हात वाळवलं पाहिजे. क्रमाने सगळी कृती. संपल्यावर ताई काही क्षण बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हा काही रडत नाहीये. हा सूचना देतोय. ऑपरेशनच्या आधी मोठा डॉक्टर धाकट्याला सांगतो ना, आधी हे, मग हे, तसं."

मी डॉक्टरांचा भाग वेगळा ठेवला होता, कवितेआधी. ताईंनी एका वाक्यात तो इकडे ओढून आणला. शाळेतलं उत्तर अगदीच चूक नाही. पटेल पर्यावरण रक्षणाच्या बाजूने उभे राहिलेले गृहस्थ होते. पण कवितेचा आवाज आर्जवाचा नाही. मारायचं कसं हे इतक्या नीट सांगणारा माणूस नेमका कुठल्या बाजूला उभा आहे हे ऐकणाऱ्याला स्वतःच ठरवावं लागतं, आणि ते ठरवताना अंगावर येतं. तीन गुणांच्या उत्तरात एवढं बसत नाही.

लगे हाथ १९७६ च्या संग्रहातल्या शवविच्छेदनाच्या आणि न्यायवैद्यकाच्या कविताही ऐकवल्या. त्या संग्रहाचं नावच शरीराला उद्देशून आहे : कसं सोसतोस रे बाबा, अशा अर्थाचं. नानांना मात्र त्याच संग्रहातली दुसरी कविता भावली, हिंदूही नाही आणि मुसलमानही नाही अशा गीव पटेलांच्या दुटप्पी नशिबाची. शीर्षकात कवीने स्वतःचंच नाव घातलंय. नाना खूप हसले. "पाटीवर मालकाचं नाव! बरोबर आहे."

९ ऑगस्ट

आज चित्रं. आज माझी पुरती फजिती झाली.

पहिलं चित्र घेतलं १९७९ सालचं. दोन माणसं आणि हातगाडी. मी तीन मिनिटांचं वर्णन लिहिलं होतं. डावीकडे काय, उजवीकडे काय, मागे काय, कुणाचा हात कुठे. एक गोष्ट सुटू दिली नव्हती.

नाना : "झालं?"

मी : "झालं."

नाना : "हा पंचनामा झाला. घटनास्थळी दोन इसम आढळले."

ताईंनी त्याहून अवघड विचारलं. "ते दोघं एकमेकांशी बोलतायत का गप्प आहेत?" मला सांगता येईना. परत चित्र बघायला घेतलं (पुस्तकातली छपाई, तळहाताएवढी) आणि जाणवलं की इतक्या वेळात हे मी पाहिलंच नव्हतं. मी वस्तू मोजत होते. गाडी ओढणारे हमाल म्हटलं की डोळ्यांसमोर ओढणं येतं, घाम येतो, आणि मग दया. या चित्राच्या नावातसुद्धा ओढणं नाही. माणसं आहेत आणि सोबत गाडी आहे, एवढंच. चित्रकाराने त्यांना काम करताना पकडलेलं नाही, म्हणून त्यांच्याकडे कामगार म्हणून बघायची सोय राहत नाही. हेच सांगायचं होतं, आणि मी चाकं मोजत बसले.

नाना जाता जाता म्हणाले, "पाटी रंगवताना गिऱ्हाईक मागे उभं राहतं ना, ते एका जागी उभं राहत नाही. जवळ येतं, लांब जातं. तू एकाच जागी उभी राहून सांगत होतीस."

१६ ऑगस्ट

लॅमिंग्टन रोडलगतचं मोठं चित्र. वर्ष १९८२ ते ८६. एका चित्रावर चार वर्षं! दिवसभर दवाखाना, तेव्हा रंगवायला वेळ कमी हे खरं, पण नुसतं तेवढ्याने चार वर्षं लागत नाहीत. रस्त्यावरची गर्दी, आणि गर्दीतला प्रत्येक जण वेगळा. दवाखान्यातही माणसं अशीच येतात, एकामागून एक, प्रत्येकाचं दुखणं निराळं. (हे वाक्य संहितेत होतं, काढलं. फार जमून आलेलं वाटलं म्हणूनच काढलं.)

मला वाटलं, इथे प्रत्यक्ष रस्त्याचा आवाज वापरू. म्हणून मी आणि पोरगा आज भर पावसात लॅमिंग्टन रोडला. सरकारदरबारी डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. त्या नावाने विचारलं तर निम्मे लोक विचारात पडतात. आता सगळा इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा बाजार. माइकवर प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती, तिच्यावर थेंब असे वाजत होते की घरी येऊन ऐकलं तर कढईत मोहरी तडतडतेय. चाळीस मिनिटांतली चार मिनिटं बरी निघाली.

१८ ऑगस्ट

त्यांचा वाढदिवस, योगायोगाने. रस्त्याचा आवाज वर्णनाखाली घालून दोघांना ऐकवला. पोरगा खूश होता, मिश्रण खरंच छान झालेलं.

ताई म्हणाल्या, "छान. पण मला एक सांगा, चित्राला आवाज असतो?"

"नाही."

"मग तुम्ही मला रस्ता दिलात. चित्र कुठंय?"

चार मिनिटं आणि एक छत्री (बसमध्ये विसरले) वाया. पण त्यांचं बरोबर आहे. डोळस माणूस चित्रासमोर उभा राहतो तेव्हा गर्दी गोंगाट करत असते आणि ऐकू काहीच येत नसतं, आणि हीच तर चित्राची खोडी. आम्ही कनवाळूपणाने तीच भरून टाकली.

ठरवलं : चित्राचं वर्णन सुरू होण्याआधी आणि संपल्यावर शांतता. पोरगा हादरला. श्राव्य कार्यक्रमात चार सेकंद काही वाजलं नाही की लोकांना वाटतं फाइल अडकली. त्यावर त्यानेच तोडगा काढला : पूर्ण कोरी शांतता नको, रिकाम्या खोलीची शांतता रेकॉर्ड करून ती घालू. खोली बंद असली तरी तिला एक बारीक आवाज असतो. कान तो ओळखतात.

३० ऑगस्ट

मधले दिवस ऑफिसच्या कामात गेले.

आज १९८० च्या दशकातली जखमी शरीरांची चित्रं. चिरडलेलं डोकं, बुडालेली बाई. दवाखान्यात, शवागारात जे डोळ्यांखालून गेलं ते आलंय असं म्हणायचा मोह होतो, आणि ते खोटंही नसेल. पण मी यांचं वर्णन कमीत कमी शब्दांत ठेवलं. इथे शब्द वाढवले की त्याला लगेच चव येते, आणि ती चव नको. नानांनी ऐकून एवढंच विचारलं, "रंग कसे होते? भडक?" म्हटलं, नाही, सावकाश लावलेले, निगुतीने. नाना म्हणाले, "मग तेवढंच घाल." घातलं.

६ सप्टेंबर

क्लिअरिंग हाउस या प्रकाशनाचा तुकडा लिहिला. १९७६ मध्ये चार मित्रांनी, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव पटेल आणि अरुण कोलटकर यांनी, स्वतःचेच चार संग्रह स्वतः काढले. प्रकाशक हात लावेनात तेव्हा काय करणार. मुखपृष्ठं कोलटकरांची. पुढे १९८४ पर्यंत मिळून आठ पुस्तकं निघाली, त्यात १९८० मध्ये चित्र्यांचं एक. आपल्या लघुनियतकालिकवाल्यांना हे काही नवं नाही. तीच माणसं, तोच उद्योग, फक्त भाषा दुसरी.

मजा वाटते ती याची : चित्रकार पटेलांच्या कवितेला मुखपृष्ठ कोलटकरांनी केलं. स्वतःचं चित्र स्वतःच्या कवितेवर चढवायची आयती संधी होती. माझ्या पहिल्या खर्ड्यात मी नेमकं तेच करत होते, एका कवितेवर एक चित्र, एका चित्राखाली एक कविता. ९ ऑगस्टला चित्र जमेना म्हणून मी मध्ये कविता वाचून दाखवली होती, तेव्हा ताई फटकन म्हणाल्या होत्या, "कविता काय चित्राची गाइड आहे का?" तेव्हा लागलं होतं. आज ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

१३ सप्टेंबर

नाटकांना किती वेळ द्यायचा यावर पोराशी वाद. तीन नाटकं, पहिलं १९७० चं, मग १९८२, मग १९८७. पार्श्वभूमी दक्षिण गुजरातेतल्या पारशी घरांची. वारली मजूर आणि पारशी जमीनदार हा संबंध कवितेतही येतो; नारगोळवर तर सरळ कविताच आहे, कुष्ठरोगी भिकारीण मागे लागते ती, आणि कवीला तिला टाळताही येत नाही, स्वतःची फसवणूकही करता येत नाही. कविता ठेवली, नाटकं एका वाक्यात आटोपली. अन्याय आहे. वेगळा भाग करू असं म्हणालो. करू असं वाटत नाही.

सतराव्या शतकातला गुजराती कवी अखा. त्याच्या छप्प्यांचे (सहा ओळींच्या पद्यांचे) इंग्रजी अनुवाद पटेल वर्षानुवर्षं करत राहिले. व्यवसायाने सोनार, जिभेने तिखट. आपल्याकडचा श्रोता तुकोबांवरून पटकन ओळखेल. चाळीस सेकंद दिली.

२१ सप्टेंबर

विहिरी.

नव्वदच्या दशकापासून पुढे बरीच वर्षं पटेल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा रंगवत राहिले : विहिरीत वाकून बघणं. नारगोळला लहानपणी बघितलेल्या विहिरी. चित्रात विहिरीकडे आपण बाजूने बघत नाही. कठडा, रहाट, बायका, घागरी असलं गावचित्र नाही. आपण थेट वरून आत. आणि आत पाणी, आणि पाण्यात वरचं आभाळ, झाडोरा.

हे ताईंना सांगायचं कसं? प्रतिबिंब हा शब्द त्यांना माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं. म्हणून आज आम्ही सरळ विहिरीवरच गेलो. वसईत ओळखीच्यांची वाडी आहे. नानांच्या मुलीने आधी स्पष्ट नाही सांगितलं, मग स्वतः सोबत आली आणि पूर्ण वेळ नानांचा सदरा मागून मुठीत धरून उभी राहिली.

ताईंनी दोन्ही हात कठड्यावर टेकले. दगड ओले, शेवाळलेले. चेहरा पुढे केला आणि लगेच मागे घेतला. "गार आहे. आतून गार येतंय." पुन्हा वाकल्या, या वेळी सावकाश. वास घेतला. पाण्याचा वास, ओल्या पानांचा, कबुतरांचा. मग कुणी न सांगता त्यांनी आत हाक मारली. नाव वगैरे नाही, नुसतं "ए".

खालून आला. थोडा जाड होऊन.

नानांनी तोवर खडा शोधून ठेवला होता. टाकला, आणि टाकल्याबरोबर पाण्याचा आवाज. "पाणी वर आहे. पाऊस चांगला झालाय."

मी ताईंना सांगायला लागले की आम्ही वाकलो की आम्हाला पाण्यात आभाळ दिसतं, फांद्या दिसतात, जे आमच्या डोक्यावर आहे ते पायाखाली खोल दिसतं. ताई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझी हाक खालून आली तशी?"

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे.

"मी वर आहे," ताई म्हणाल्या, "पण माझा आवाज तिथे खाली आहे आणि तो मलाच हाक मारतोय. आणि माझा आहे पण माझ्यासारखा नाही. तुमचं आभाळ तसंच का? आभाळच, पण त्याच्यासारखं नाही?"

हो. अगदी तसंच. दोन महिने मी ज्या वाक्याच्या मागे होते ते एका टेलिफोन ऑपरेटरने कठड्यावर कोपर टेकून सांगितलं.

घरी येताना गाडीत आठवलं : पटेलांच्या तिसऱ्या संग्रहाच्या नावाचा अर्थ साधारण 'आरशात दिसलेलं आणि आरसा होणारं' असा. साल १९९१. विहिरी रंगवायला लागले तोच काळ. दोन्हींच्या मध्ये बाण काढायला हात शिवशिवतोय. काढणार नाही. संग्रहाचं नाव आणि साल सांगेन, विहिरीनंतर पाच मिनिटांनी, दुसऱ्या संदर्भात. ज्याला जोडायचं तो जोडेल.

रेकॉर्डर चालू होता. "ए" आणि त्याचं उत्तर दोन्ही आलंय. आवाज घालायचे नाहीत असं आपण ठरवलंय याची पोराने मला आठवण करून दिली. नाइलाजाने मान्य केलं. चित्राच्या वर्णनात नाही घालायचा. पण कार्यक्रम सुरूच जर त्याने झाला तर?

५ ऑक्टोबर

संहिता नव्याने. तीन कप्पे मोडले. सुरुवात ताईंच्या हाकेने, मग नारगोळ, मग झाडाची कविता, तिथून वैद्यकी, दवाखाना, रस्ता. विहीर शेवटाकडे. जन्मसाल आठव्या मिनिटाला येतं, आणि त्याने कुणाचं काही अडत नाही.

उतारवयात पटेल शिल्पाकडे वळले. ब्राँझ. विषय दोन : एकलव्य आणि डॅफ्नी. डॅफ्नी म्हणजे ग्रीक कथेतली मुलगी, पाठलाग चुकवताना झाड होते ती. पंचविशीत झाड मारायची रीत सांगणाऱ्याने सत्तरीच्या आसपास माणसाचं झाड होताना घडवलं. (इथेही बाण नाही. पण या वहीत लिहायला कोण अडवणार?)

ताई हळहळल्या. "हे तरी हाताला लागलं असतं." शिल्पं आमच्या आवाक्यात नाहीत. मग पोराने आपला उजवा हात पुढे केला, अंगठा तळव्यात गच्च दुमडला आणि म्हणाला, बघा. ताईंनी हात दोन्ही हातांनी चाचपला, बोटांवरून मनगटापर्यंत आणि परत. अंगठ्याच्या जागी थांबल्या. "इथे येऊन माझी बोटं घसरतात," म्हणाल्या. "धरायला काही राहत नाही." हे वाक्य त्यांच्याच आवाजात ठेवायचं, माझं वर्णन काढून.

१८ ऑक्टोबर

ध्वनिमुद्रण, आणि मुहूर्त काय काढला तर धनत्रयोदशीचा. संध्याकाळी सहापासून फटाके. रिकाम्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायला बसलो आणि खिडकीखाली माळ लागली. शेवटी पहाटे साडेचारला उठून, कपाटाचं दार उघडं टाकून, त्यावर दोन गोधड्या लटकवून आत तोंड घालून वाचलं. साडेसहापर्यंत झालं. इंग्रजी कवितांचं वाचन नानांच्या मुलीने केलं. तिचा आवाज कोरडा आहे, अजिबात अभिनय करत नाही. झाडाच्या कवितेला असाच हवा होता.

२७ ऑक्टोबर

जुळवणी झाली. चौतीस मिनिटं वीस सेकंद. अखाची चाळीस सेकंदं कापावी लागली. ऋषी व्हॅली शाळेतल्या कविता कार्यशाळा ठेवल्या. दहा वर्षांहून जास्त काळ ते तिथल्या मुलांसोबत कविता करत राहिले आणि त्यातून निघालेलं पुस्तक २००७ मध्ये साहित्य अकादमीने छापलं. सुधीर पटवर्धनांचा उल्लेखही राहिला. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ, इकडे चित्रकार, आणि पटेलांचे जुने स्नेही. डॉक्टर-चित्रकार हा एकट्यादुकट्याचा चमत्कार नव्हे हे कळायला तेवढं पुरे.

हातगाडीच्या चित्राचं वर्णन आता तीनऐवजी एक मिनिट. सुरुवात लांबून, मग जवळ, मग परत लांब. दोघं बोलतायत का गप्प आहेत हा प्रश्न संहितेत तसाच ठेवलाय, ताईंच्या आवाजात.

नानांनी अख्खं ऐकलं. चूक एकच काढली, मी एके ठिकाणी 'विहीरीत' म्हणताना ही लांबवलाय. "पाटीवर मी ऱ्हस्व काढला असता."

३ नोव्हेंबर

सकाळी फाइल पाठवली. दुपारपर्यंत तीन फोन. दोघांना आवडला. तिसरे साताऱ्याचे आजोबा, मालिकेचे जुने श्रोते, जरा नाराज.

"बाई, चांगला आहे, पण तुमची फाइल खराब आलीय. त्या हातगाडीपाशी बंद पडते. पुन्हा त्या विहिरीपाशी बंद पडते. मी दोनदा यंत्र आपटून बघितलं."

पोरगा आता सुरुवातीला एक वाक्य जोडतोय : मध्ये काही ठिकाणी मुद्दाम शांतता आहे, कृपया यंत्र बंद करू नये. आपटू नये हेही घालायचं का, विचारतोय.